न फुटलेलं लिंबू

२००९च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या लेस्टरला बर्फानं बसेस बंद पडल्या. मी पिकअपला सगळ्यात खोल खाचांचे ऑल-टेरेन टायर बसवले, कारण कॉव्हेंट्रीत मधुमतीमावशीची लेक बाळंत होणार होती आणि मावशीला तिथं पोचवायचं होतं.

नवे टायर म्हणून मावशीनं चाकाखाली लिंबू ठेवलं. मी गाडी पुढे घेतली. लिंबू खाचेत शिरलं आणि फेरी मारून अखंड बाहेर आलं.

"अपशकुन! मी नाही बसायची," म्हणत मावशी घरात गेली.

मी लिंबू बुटानं चिरडलं आणि ओरडलो, "मावशी, फुटलं!"

ती येऊन गाडीत बसली. वाटेत टायर एकदाही घसरले नाहीत, पण माझं मन मला खात होतं. शेवटी मी कबूल केलं.

"खिडकीतून दिसलं मला," मावशी म्हणाली. "आता देवाला काय सांगायचं, ते दोघं मिळून ठरवू."