कार्डाचे पैसे धरले पाहिजेत

ओहायोतल्या एका लहान गावात मार्लिस हृबिक शाळेची बस चालवायची. पन्नाशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ, पण अख्ख्या गावाची पोरं तिच्या भरवशावर निर्धास्त सोडलेली. मध्यंतरी संधिवाताने तिला गाठलं. सकाळी उठावं तर बोटं लाकडासारखी ताठ, कॉफीचा मग धरवेना. मग दर पंधरवड्याला घ्यायचं एक इंजेक्शन सुरू झालं आणि हात पुन्हा कामाला लागले.

नव्या वर्षी शाळेने विमा बदलला. वर्षाची एक ठरावीक रक्कम आधी आपण भरायची, मगच विमा कंपनी देणार, असा तो होता. औषधाच्या दुकानात मार्लिसने आपल्या वाट्याचा आकडा ऐकला आणि ती पाकीट मिटून मागे वळली.

"थांबा हो मार्लिसबाई," दुकानातली नेडीन म्हणाली. "औषध बनवणारी कंपनीच एक कार्ड देते. तुमचा वाटा ती भरते. सरकारी विमा असेल तर चालत नाही, पण तुमचा तसा नाही."

घरी नवरा व्हर्जिलचं तोंड वाकडं झालं. पोलाद कारखान्यात उभी हयात घालवलेला गडी. "म्हणजे धर्मादाय. आपण कधी कुणापुढे हात पसरला नाही."

"पसरायला आधी तो उघडायला हवा ना!" मार्लिस म्हणाली. "किंमत आभाळाला त्यांनीच नेली, आता शिडीही त्यांनीच द्यायची. मी चढणार."

कार्डावर वसंत छान गेला. उन्हाळ्यात मात्र नेडीनने मान हलवली. कार्डातले वर्षभराचे पैसे संपले होते. मार्लिसने विमा कंपनीला फोन लावला. आपला ठरलेला वाटा एव्हाना भरून झाला असेल, इथून पुढे कंपनी देईल, अशी तिची समजूत होती.

"तुमच्या वाट्यात अजून काहीच जमा नाही, मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली.

"मग इतके महिने तुम्ही घेतलेत ते पैसे कुणाचे?"

"ते कार्डाचे. ते आम्ही घेतो, पण तुमच्या नावावर धरत नाही."

"घेतलेत ना पण?"

"हो."

"मग परत करा."

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "हे कलम तुमच्या शाळा मंडळानेच निवडलंय. ते बदलूही शकतात."

मार्लिसने तिचे मनापासून आभार मानले.

दवाखान्यातल्या नर्सने नमुन्याची दोन फुकट इंजेक्शनं मिळवून दिली, तीही संपली. शाळा उघडली तेव्हा बोटं पुन्हा सुजली होती. एका वळणावर स्टिअरिंग हातातून निसटलं. बस जागेवर थांबली, कुणाला काही झालं नाही. पण त्याच दुपारी तिने स्वतः शाळेच्या कचेरीत जाऊन चाव्या टेबलावर ठेवल्या. "मागे लेकरं बसलेली असतात," एवढंच म्हणाली. मग बसमध्ये लहानग्यांचे पट्टे लावायचं कमी पगाराचं काम तिने धरलं. बकलं दाबताना जीव कळवळायचा.

पण तिने हाय खाल्ली नाही. मधल्या सुट्टीत ती माणसं शोधू लागली. स्वयंपाकघरातल्या बर्निसच्या मुलाला रक्त न गोठण्याचा आजार होता, रसायनशास्त्राचे लिंडक्विस्ट सर काठी घेऊन चालत होते. दोघांचीही कार्डं अशीच गिळली गेली होती, आणि आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून दोघं गप्प होते.

मंडळाच्या बैठकीत तिघं उभे राहिले. अध्यक्ष प्रुइट म्हणाले, "मार्लिस, तुझ्याबद्दल वाईट वाटतं गं. पण हे कलम काढलं तर मंडळाला भुर्दंड पडेल."

"साहेब, तुमचं बिल तुमच्या भावाने भरलं, तर तुमची उधारी फिटली ना? की भावाचे पैसे घेऊन दुकानदाराने तुम्हालाही पुन्हा मागायचे?"

मागून कुणीतरी हसलं. प्रुइटनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीला ती पुन्हा गेली. त्यांनी पुन्हा ढकलला.

"सोड आता," व्हर्जिल म्हणाला. "दगडावर डोकं आपटून काय मिळणार?"

"दगड त्यांचा आहे, डोकं माझं. कुणाचं टिकतं बघू."

त्यानंतरच्या बैठकीला व्हर्जिल इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत येऊन बसला. बोलायची पाळी आली तेव्हा तो उठला, घसा खाकरून म्हणाला, "माझ्या बायकोला गाडी चालवायचीय. बाकी काही नाही," आणि कान लाल करून खाली बसला.

ठराव एका मताच्या फरकाने पास झाला, पण नवीन वर्षापासून लागू. तोवरचे महिने मार्लिसने दात आवळून काढले. उजव्या हाताची करंगळी त्यात वाकडी झाली, ती पुन्हा सरळ झालीच नाही.

जानेवारीत नवं कार्ड चाललं आणि या वेळी त्यातला पैसा न् पैसा तिच्या वाट्यात धरला गेला. उन्हाळ्याआधीच वाटा पुरा झाला, पुढची इंजेक्शनं विम्याने दिली. डॉक्टरांनी हात तपासून परवानगीच्या कागदावर सही केली, त्यानंतरच्या सोमवारी ती पुन्हा स्टिअरिंगमागे बसली. पहिल्या थांब्यावर पोरांनी एकच कल्ला केला.

"बसा रे खाली, माकडांनो!" मार्लिस ओरडली आणि तिने गिअर टाकला.