खोटी नाणेफेक

आमच्या मुख्याध्यापकांना खेळाचं वावडं. गणिताच्या तासाला पोरांच्या हातात फासे दिसले की त्यांचं डोकं उठतं. आणि मला गप्प बसवत नाही. त्यामुळे आमचं कधी जमलं नाही.

माझ्या सातवीत एक मुलगी आहे. एकेका गणिताला अर्धा तास लावते, म्हणून पोरं तिला गोगलगाय म्हणतात. दोन चाचण्यांत नापास झाली आणि सरांनी फर्मान काढलं, सोमवारपासून हिला सहावीत बसवा. वर्षाच्या मध्यात! ते ऐकल्यावर तिने डबासुद्धा उघडला नाही. माझं पित्त खवळलं. मी तडक ऑफिसात गेले आणि म्हटलं, आकड्यांतलं जे हिला कळतं ते आपल्या स्टाफरूममध्ये कुणाला कळत नाही, हवं तर परीक्षा घ्या.

बोलून तर बसले. सर म्हणाले, घेऊच.

आमच्या वर्गात नाणेफेकीचा एक खेळ चालतो, तोच ठरला. सहा शिक्षकांनी शंभर नाणेफेकींचे निकाल कागदावर लिहायचे, वीस-वीसच्या पाच ओळींत. तिघांनी खरंच नाणं उडवायचं, तिघांनी नुसतं मनाने छापा-काटा लिहायचं. कागदावर नाव नाही. कुणी काय केलं ते फक्त सरांना ठाऊक, आणि ते स्वतः नाणं उडवणाऱ्यांत होते. गोगलगायीने खरे-खोटे कागद वेगळे करायचे. एक जरी चुकला तरी सहावी.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती स्टाफरूममध्ये बसली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. खेळाचे सर जांभया देऊन दमले. मी नखं खात होते. शेवटी तिने दोन गठ्ठे केले. खरे दोन, खोटे चार.

सरांचा चेहरा खुलला. "खोटे तीनच होते, बाई," ते मला म्हणाले, आणि खोट्यांतला एक कागद उचलून सांगितलं की हा तर त्यांचा स्वतःचा. कुठून अवदसा आठवली आणि या पोरीला पणाला लावलं, असं झालं मला.

एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ती उठून उभी राहिली.

"सर, यातल्या पहिल्या दोन ओळी खऱ्या आहेत. तिथे एकदा लागोपाठ सहा काटे आलेत. पुढच्या तीन ओळींत एकच बाजू तीनपेक्षा जास्त वेळा लागोपाठ येतच नाही."

"मग?"

"नाण्याला मागचं आठवत नसतं, सर. लिहिणाऱ्याला आठवतं. सारखं एकच लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून तो बदलत राहतो."

सरांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं. कान लाल झाले. मग हळूच कबूल केलं की चाळीस झाल्यावर फोन आला, नंतर कंटाळा आला आणि उरलेलं बसल्या बसल्या लिहून टाकलं.

स्टाफरूममध्ये हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. खेळाचे सर टेबल बडवत होते. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"इतका वेळ का लावतेस गं तू?" सरांनी तिला विचारलं.

"सगळं बघते म्हणून."

सरांनी सातवीचा हजेरीपट मागवला आणि खोडलेलं तिचं नाव पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिलं. ती शेजारी उभी राहून एकेक अक्षर तपासत होती.