दुसरा कौल

डॉ. महेश्वरीला इतका राग आला होता की तो ठेवायला भूमच्या त्या रुग्णालयात एक कपाटही मोकळं नव्हतं. होतं त्याची किल्ली शंभुलिंग सरांकडं, आणि राग तर त्या किल्लीवरूनच आलेला.

सर्जननं संशोधन कसं करावं हे शिकवणारी फेलोशिप तिला मिळाली होती. तिचा प्रश्न साधा: हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी अंघोळ केली तर जखम चिघळते का, की टाके निघेपर्यंत कोरडंच राहावं? कुणी अंघोळ करायची ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. पाकिटं तिच्या हाती नकोत असा नियम, म्हणून ती विभागप्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या कपाटात.

आज राऊंडला ईट गावचा पेशंट बिरदेव खुशीत म्हणाला, "म्याडम, माझी पयल्यांदा अंघोळ निघाली व्हती. म्या म्हनलं, दुसरा कौल लावा. सरांनी लगीच लावला. लई देवमानूस!"

"दुसरा?"

"तिसराबी. दुसऱ्यातबी अंघोळच निघाली."

शेजारच्या खाटेवरून मल्लम्मा म्हणाली, "देवाम्होरं तरी एका कौलावर कुनी उठतंय व्हय?"

महेश्वरी तडक केबिनमध्ये घुसली. "सर, पाकिटं बदलून दिलीत?"

"मागितली त्यांनी. आपलीच माणसं." सर बशीत चहा ओतत होते. "आणि मी काय वाचून दिली का? डोळे मिटून काढली. एकदम शास्त्रीय."

"नको असेल त्यानं अभ्यासातून बाहेर पडावं, सर! मनासारखी निघेपर्यंत काढली तर ती चिठ्ठी कसली? धीट तेवढे भिजले, भित्रे कोरडे राहिले. आता जखम पाण्यानं चिघळली का माणसामुळं, काय सांगू मी? किती जणांची बदललीत?"

सरांनी आठवून पाहिलं. "न बदललेले सांगू का? ते थोडे आहेत."

तिला टेबल उलथवावंसं वाटलं. टेबल जमिनीत पक्कं गाडलेलं होतं. तिच्याआधीही कुणीतरी चिडलं असणार.

"वर्ष वाया गेलं माझं. आणि अंघोळीचं अजून कुणालाच माहीत नाही."

"चिडू नकोस. काहीतरी निकाल लाव. आणि पेपरवर पहिलं नाव माझं. तसा रिवाज आहे."

ती दारात थांबली. "चालेल, सर."

फसलेला अभ्यासही का फसला यासकट लिहायचा, हे फेलोशिपनंच शिकवलं होतं. संध्याकाळी तिनं कागद सहीला आणला. शीर्षक: 'मनासारखी चिठ्ठी निघेपर्यंत पाकिटं उघडल्यामुळं बंद करावा लागलेला अभ्यास.' खाली पहिलं नाव, डॉ. शंभुलिंग.

सरांनी नाव तेवढं वाचलं, सही ठोकली.

"जरा ठळक कर," ते म्हणाले.

तिनं केलं.