ताता सेवेरोने झेललेलं हेलिकॉप्टर

बटाट्याच्या शेतात हेलिकॉप्टर कलंडून पडलं होतं आणि भोवती अख्खं गाव गुडघे टेकून बसलं होतं. इंजिन आकाशात बंद पडलं, तरी आतलं एकही माणूस मेलं नाही! का? तर गावचा मांत्रिक ताता सेवेरो याने हात वर करून ते झेललं म्हणे. आता स्वारी कोकाची पानं उधळत मिरवत होती.

कासिल्दाच्या मांडीवर तिची बारा वर्षांची निल्दा तापाने फणफणत होती. अपेंडिक्स फुटायला आलेलं. त्यासाठीच तर तिला या हेलिकॉप्टरने शहरात नेत होते.

"पोरीचा जीव घाबरून इथेच मातीत सांडलाय," सेवेरो गरजला. "मी त्याला हाक मारून परत आणेपर्यंत हिला हलवलंत, तर गेलीच समजा!"

भ्यालेल्याचा जीव जागेवरच राहतो, हे कासिल्दा लहानपणापासून ऐकत आली होती. रस्त्यावर ट्रक उभा होता, पण पोरीला उचलायची तिची छाती होईना. दोन तास गेले. निल्दा कण्हायचीही थांबली.

शाळेच्या एर्मिनियाबाई धावत आल्या. "अगं, उचल तिला!"

"कशी उचलू, बाई? ज्याने हेलिकॉप्टर झेललं, त्याचा शब्द मोडू?"

बाईंनी बांधावरच्या टिपा नावाच्या झाडाखालची पंख असलेली बी उचलून वरून सोडली. ती गरगरत सावकाश खाली आली. "हिला कुणी झेललं गं? इंजिन बंद पडलं तरी खालून लागणाऱ्या वाऱ्याने पाती फिरत राहतात. त्यांच्यावर तोलून वैमानिक हेलिकॉप्टर खाली उतरवतो. विचार त्यालाच."

पाय मोडलेला वैमानिक नुकताच शुद्धीवर आला होता. "खरंय," तो कळ सोसत म्हणाला. "आणि तुमच्या ताताने हात वर केला तो ढेकळं मारायला. एक काचेवर फुटलंय, बघा."

जमिनीला न टेकलेल्या, वरच्या बाजूच्या काचेवर मातीचा भला मोठा डाग होता.

"मग काय करू?" सेवेरो उसळला. "माझं वर्षाचं पीक चिरडू देऊ?"

लोक खो-खो हसले. कासिल्दा हसली नाही. निल्दाला छातीशी धरून ती ट्रककडे पळत सुटली.

"अपेंडिक्स फुटलंय," शहरातले डॉक्टर म्हणाले. "दोन तास आधी का नाही आणलं?"

"जगेल ना?"

"आत्ताच सांगता येत नाही."

सोबत आलेल्या शेजाऱ्यांकडे बघत कासिल्दा म्हणाली, "मी त्याचं ऐकत बसले. तुमचं लेकरू असं आजारी पडलं, तर बसू नका रे. आधी उचला."