मागचं दार

आईला मामाच्या बंगल्यात हलवायचं ठरलं तेव्हा बाबांनी एका शब्दानंही विरोध केला नाही. घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर वर चढवताना चढवणाऱ्याचाच श्वास कोंडायचा. "ने तिला," ते लेकीला म्हणाले, "तिथं हवा आहे." अँब्युलन्स फाटकातून आत जाईपर्यंत ते रस्त्यावर उभे राहिले. स्वतः आत पाऊल टाकलं नाही.

या बंगल्यात ते पहिल्यांदा आले होते खुर्च्या मढवायला. दिवाणखान्यातल्या जुन्या खुर्च्या उघडायच्या, नवा काथ्या भरायचा, कापड ताणून ठोकायचं. बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे सारायचा, ही त्या कामाची रीत. तोंडात खिळे असताना ते जे पुटपुटत, ते घरात कुणाला कळत नसे. जिन्यावर पुस्तक घेऊन बसणाऱ्या मालकांच्या मुलीला मात्र सगळं कळायचं. आठवड्याचं काम महिनाभर चाललं. आजोबांना वाटलं, माणूस कामचुकार आहे. खरा प्रकार कळला तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. मोठ्या घरांत तो करत नाहीत. एवढंच म्हणाले, "नेतोयस तर ने तिला. पण या घरी कधी आलास तर मागच्या दारानं यायचं. तुझं दार तेच."

त्यानंतर आई माहेरी फिरकली नाही. नवऱ्याला ती जन्मभर 'कारागीर' म्हणत आली आणि ते तिला 'मालकीणबाई'.

"मालकीणबाई, भाजीत मीठ नाही."

"मीठ डब्यात आहे, डबा फळीवर आहे आणि कारागिरांना देवानं दोन हात दिलेत."

लेक याच बोलण्यावर वाढली. बरीच पुस्तकं वाचून झाल्यावर तिला कळलं, की याला प्रेम म्हणतात आणि ते सगळ्याच घरांत नसतं.

त्या दुपारी डॉक्टर मामाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलले. बाबा दुकानात होते. लेकीनं त्यांना फोन लावला. "बाबा, लगेच या." बाबांनी काही विचारलं नाही. "निघालो," म्हणाले.

आईनं मास्क जरा सरकवला. "येतायत?"

"निघालेत."

"दाढी केली असेल का गं?"

"आई, आता दाढी कुठली!"

"बघ हं. तसेच येतील. माझ्या माहेरच्यांसमोर."

आईची खोली पुढच्या बाजूला होती. खिडकीतून फाटक दिसायचं. लेक एका हातानं आईचा हात धरून फाटकावर नजर लावून बसली. मामाची गाडी बाहेर गेली, औषधं घेऊन परत आली. बाबा दिसले नाहीत. आईनं पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं, मग विचारणं थांबवलं. बऱ्याच वेळानं, डोळे मिटलेलेच ठेवून, ती स्पष्ट म्हणाली, "मागच्या दाराशी बघ. तिथं बसले असतील."

लेक उठायला गेली. "ग्लानीत आहेत ताई," मामी मऊ आवाजात म्हणाली. "जुनं काहीतरी आठवतंय त्यांना. तू हात सोडू नकोस." मामी नेहमी सगळं माहीत असल्यासारखी बोलायची, डॉक्टरसुद्धा तिचं ऐकायचे. लेक पुन्हा बसली. हात सोडला नाही. काही वेळानं लक्षात आलं, की आता धरणारी ती एकटीच आहे.

जिन्यात येऊन तिनं बाबांना फोन लावला. रिंग खालून ऐकू आली, स्वयंपाकघराच्या पलीकडून.

कपडे धुवायच्या मशीनजवळ, मागच्या गल्लीत उघडणाऱ्या दाराशी, स्टुलावर बाबा बसले होते. पायांशी हत्यारांची पिशवी, बोटांना सरस वाळलेला. लेकीला पाहून पिशवी उचलून झटकन उठले. "झोपलीय का अजून?"

स्वयंपाकीणबाई गडबडून म्हणाली, "मी बाईसाहेबांना, तुमच्या मामींना, सांगितलं होतं, कामाचा माणूस आलाय म्हणून. बसव म्हणाल्या."

"तुम्ही कोण ते सांगितलं का नाही, बाबा?"

"सांगणारच होतो. तिनं स्टूल दिलं, बसलो. वर आजारी माणूस आहे, गडबड नको म्हणाली." ते लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत हळूहळू बोलत राहिले, जणू बोलणं संपेपर्यंत तिला काही सांगता येणार नव्हतं. "बोलावतात की. सगळीकडे असंच असतं. थोडं बसवतात, मग बोलावतात."

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली. कळलं होतं.

मामा जिना उतरून आला. "दाजी," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडी त्यांच्यासाठी कधी आला नव्हता. "अहो, पुढून यायचं ना! तुम्हाला कोण अडवणार होतं? ते सगळं आमच्या वडिलांबरोबर गेलं."

"मला कुणी कळवलं नाही," बाबा म्हणाले.

मामा रुमाल शोधू लागला.

वर खोलीत कुणीतरी मास्क काढून ठेवला होता. गालांवर त्याचे वळ होते. बाबा पलंगाच्या कडेला बसले, बसताना हाताखालची गादी नकळत दाबून पाहिली. सरसाचे हात आईला लावावेत की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

"काही म्हणाली का?"

नाही म्हणता आलं असतं. पण मग त्यांच्यापाशी काहीच उरलं नसतं. "म्हणाली, मागच्या दाराशी बघ. तिथं बसले असतील."

बाबांचा चेहरा क्षणभर उजळला. "ओळखलं बघ," ते आईकडे पाहत म्हणाले. "कुणी न सांगता ओळखलं." आणि मग ते उजळणं जिथल्या तिथं विझलं. त्यांनी मान वर केली.

"मग?"

मामी चादर सारखी करू लागली. ती सारखीच होती.

"मामी म्हणाली, ग्लानीत आहे."

"आणि तुला पटलं," बाबा म्हणाले.