गोंदाने जखडलेली फळी

"फळ्यांना खाचेत जागा ठेवली होतीस ना?" अब्बांच्या जुन्या सोबत्यानं, चांदमियांनी, सहज विचारलं, आणि रुमानाचा रंधा थांबला.

अब्बांचे हात थरथरायला लागल्यापासून शनिवार पेठेतलं सुतारकामाचं दुकान तीच बघत होती. वारज्याच्या प्रेमलाताईंचं पुस्तकांचं कपाट हे तिचं एकटीचं पहिलं काम. दारांच्या दोन्ही फळ्या ताईंच्या यजमानांच्या, भीमरावांच्या, जुन्या सागवानी टेबलाच्या होत्या. चौकटीत त्या सैल वाटल्या, म्हणून तिनं खाचेत गोंद भरला होता.

"अगं, उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं. चारी बाजूंनी जखडलंस तर मधोमध फाटेल!"

कपाट देऊन दोन महिने झाले होते. एप्रिल तापला होता. अवजारांची पिशवी घेऊन ती स्कूटरवरून वारज्याला निघाली. फळी फाटली असेल तर दुसरी कुठून आणायची? भीमराव तर गेलेले, टेबलही संपलेलं.

कपाटावर खिडकीतलं ऊन थेट येत होतं. डाव्या फळीवर वरून वीतभर बारीक तडा गेला होता. ताईंच्या अजून लक्षात आलेला नव्हता. गप्प राहता आलं असतं.

"ताई, माझी चूक झालीय," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

ताईंनी तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चूक सांगायला कारागीर घरी आला, हे पुण्यात प्रथमच. बरं, आता काय करणार?"

रुमानानं दारं उतरवून जमिनीवर पालथी घातली. खाचेची मागची कड पटाशीनं तासत, पातळ पात्यानं गोंद कापत ती इंच इंच पुढे सरकू लागली. लाकूड जरा करकरलं की ती हात थांबवायची. उजवी फळी अखंड सुटली. डावी सुटताना तडा आणखी दोन बोटं पुढे गेला. ताईंनी मान वळवली.

मोकळी झाल्यावर मात्र तड्यात गोंद सोडून फळी शिकंज्यात आवळता आली आणि तड्याची फट मिटली. तो वाळल्यावर, कडेला जागा सोडून, खाचेत गोंद न लावता, तिनं मागून नव्या पट्ट्या ठोकल्या.

दारं लागली. डावीवर केसाएवढी रेघ राहिलीच. रुमाना त्या रेघेकडेच बघत बसली. लाकूड पुन्हा कुठे करकरतंय का, कान तिकडेच.

"चहा निवतोय," ताई म्हणाल्या. "दारं कुठं पळून जात नाहीत."