एफिझिओच्या नावाने

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बोनारियाला चांगलीच धाप लागली. लिफ्ट होती, पण तिच्या जाळीच्या दाराला ‘बंद’ लिहिलेला पुठ्ठा अडकवला होता, आणि पुठ्ठा इतका पिवळा पडला होता की तो काही कालपरवाचा नव्हता. बेटावरून जेनोव्हाला येताना रात्र बोटीत बाकावर बसून गेली होती, अंग अजून आतल्या आत डोलत होतं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. तिने खांद्याने हॉटेलचं दार ढकललं आणि समोरच्या टेबलामागे बसलेला माणूस पाहून ती जागच्या जागी थांबली.

केस गेले होते, खांदे पडले होते, नाकावर जाड चष्मा आला होता. पण डाव्या कानाची वरची पाळी अर्धी नव्हती. लहानपणी गाढवाने चावून तोडली होती ती. त्या दिवशी रक्ताळलेल्या कानावर राख दाबून धरणारी बोनारियाच होती.

त्याने तिचं ओळखपत्र मागितलं. त्यावर तिचं माहेरचं आडनाव होतं आणि बेटावरच्या गावाचं नाव होतं. ते त्याने वाचलं, नको इतका वेळ वाचलं, आणि मग मागच्या खिळ्यावरची किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली.

“सात नंबर. संडास-बाथरूम पॅसेजच्या टोकाला. गरम पाणी हवं असेल तर सकाळी लवकर उठा, बाई.”

बोलणं अस्सल जेनोव्हाचं, बंदरावरच्या लोकांसारखं, शब्दांची शेपटं गिळणारं. बोनारियाने किल्ली उचलली आणि खोलीत जाऊन पलंगावर बसली. खिडकी इमारतीच्या आतल्या अरुंद चौकात उघडत होती. समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या कुणाचे ओले पायजमे वाळत होते. आपला भाऊ इतकी वर्षं याच भिंतींच्या आत होता, आणि घरी सगळे समजत होते की तो बोटींवर जग फिरतोय, नाहीतर कुठल्या तरी समुद्राच्या तळाशी आहे.

पत्ता लागला तो गावच्या एका ट्रकवाल्यामुळे. त्याची बोट चुकली म्हणून तो या स्वस्तातल्या हॉटेलात एक रात्र राहिला, आणि परत आल्यावर बोनारियाच्या दुकानात सिगारेट घेताना म्हणाला, “तुझ्या अन्तिओकोसारखा एक जण पाहिला. कानसुद्धा तसाच.” धाकट्या भावाला, एफिझिओला, मूठमाती दिल्यावर आठवड्याच्या आत अन्तिओको घर सोडून गेला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आता आई नव्वदीला टेकली होती. शरद संपता संपता तिचं भान सुटत चाललं होतं आणि ती दिवसभर मुलाला हाका मारत होती. कुठल्या मुलाला, ते बोनारियाने ट्रकवाल्याला सांगितलं नाही, आणि बोटीत स्वतःलाही त्याचा फार विचार करू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला टेबलापाशी एकटं गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, “अन्तिओको.”

त्याने मान वर केली नाही. “माझं नाव तुल्लिओ.”

“आणि कान?”

“गाढवं काय तुमच्याच बेटावर असतात, बाई? जेनोव्हातही पुष्कळ आहेत.”

गाढवाचं नाव तिने काढलंच नव्हतं. हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो लगेच उठला आणि चादरी मोजायच्या निमित्ताने आत निघून गेला.

मालकीण इयोलांदाबाई ही रुंद हाडाची, काटकसरी बाई. साबणाच्या वडीचे दोन तुकडे करून दोन खोल्यांत ठेवणारी. तिला विचारलं तर ती म्हणाली की तुल्लिओ तिच्या नवऱ्याच्या काळापासून आहे, मागच्या खोलीत राहतो, पगाराबद्दल कधी भांडत नाही. कुठला आहे ते ना त्याने सांगितलं, ना तिने विचारलं. “या गल्लीत माणसाला त्याचं मूळ विचारायला लागले ना, तर संध्याकाळपर्यंत हॉटेल रिकामं होईल,” ती म्हणाली.

बोनारिया राहिली. दिवसभर बंदरावर वारा चेहरा सोलून काढायचा, म्हणून ती फार बाहेर जात नसे. पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत राही. तो तिच्यासमोरून बादल्या नेई, गादीच्या खोळी नेई, येणाऱ्याजाणाऱ्यांना किल्ल्या देई, खलाशांशी त्यांच्यासारखं बोले, आणि तिच्याशी जेवढ्यास तेवढं. चीज तिने टेबलावर ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी तिच्याच दारापाशी परत आलं होतं. तिने आपल्या बेटाच्या भाषेत बोलून पाहिलं. तो इटालियनमध्ये म्हणाला, “समजलं नाही, बाई.”

शेवटी तिने एक गोष्ट केली. ती चांगली नव्हती, आणि करताना तिला ते कळत होतं.

सकाळी न्याहारीच्या खोलीत इयोलांदाबाई तिच्यासमोर बसून दुधाच्या कॉफीत तेलकट पाव बुडवून खात होती. तो काउंटरमागे कप विसळत होता. मालकिणीने सहज विचारलं, तुम्हाला भावंडं किती? बोनारियाने पाठ त्याच्याकडे ठेवूनच सांगायला सुरुवात केली. दोन भाऊ होते, दोघे कोळशाच्या खाणीत. एका दिवशी थोरल्याची पाळी होती. पण थोरला आदल्या रात्री इतका प्यायला होता की त्याला उभं राहता येईना. म्हणून धाकटा त्याच्याऐवजी खाली उतरला. वायूचा स्फोट झाला. धाकट्याला वर काढलं तेव्हा तो फक्त पट्ट्याच्या बकलावरून ओळखू आला.

“दारूपायी,” इयोलांदाबाई मान हलवत म्हणाली. “दारूने घरं बुडतात.”

“हो ना,” बोनारिया म्हणाली. “सगळा गाव तेच म्हणतो.”

मागे कप विसळायचा आवाज थांबला.

“ताप होता.” हे तो बेटाच्या भाषेत म्हणाला, खाणीकडच्या लोकांच्या जड उच्चारात. “अंग फणफणलं होतं. तूच कपाळावर पट्ट्या ठेवत होतीस. आणि मी उठलो होतो, बूट घातले होते. आईनेच मला परत झोपवलं. एफिझिओला म्हणाली, आज तू जा.”

इयोलांदाबाईला यातलं अक्षर कळलं नाही. पण तिने दोघांच्या तोंडांकडे बघितलं, आपला कप उचलला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मग दोघं त्याच्या खोलीत बसली. पलंग, कपाट, भिंतीवर सांता बार्बाराचं, खाणकामगारांच्या संतिणीचं, छोटं चित्र. घरी असतं तसंच. तो बोटींवर फार दिवस टिकला नव्हता. बोटीच्या पोटात इंजिनापाशी उतरायची वेळ आली की त्याला श्वास लागायचा. इथे एकदा उतरला तो पुन्हा चढलाच नाही. तिसरा मजला त्याला बरा वाटला, म्हणाला. जमिनीपासून लांब.

बोनारियाने त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, आई जास्त दिवस काढायची नाही, तू चल.

“ती म्हणाली चल म्हणून?”

“ती सारखी मुलाला हाका मारते.”

“माझं नाव घेते?”

खोटं बोलायला ती घरून तयारी करून आली होती. वाक्यही ठरलेलं होतं. पण कपाटाच्या आरशात त्याचा चेहरा दिसला. सगळी वर्षं याच एका उत्तरासाठी थांबल्यासारखा. आणि ठरलेलं वाक्य तिने सोडून दिलं.

“एफिझिओचं घेते,” ती म्हणाली. “तिला वाटतं तो पाळीवर गेलाय आणि उशीर झालाय. मला वाटलं, आता तिला नीट दिसत नाही. तू तिच्याजवळ नुसता बसलास, हात हातात घेतलास, तर सुखाने डोळे मिटेल. तुझ्याशिवाय दुसरं कुणी त्याच्यासारखं दिसत नाही.”

अन्तिओकोने भिंतीवरचं चित्र सरळ केलं. एफिझिओला मातीत उतरवून परतताना, आख्ख्या गावासमोर, आई त्याच्या तोंडावर म्हणाली होती की ज्याने जायचं तो उरला आणि ज्याने राहायचं तो गेला. तापाचं, बुटांचं, तिने स्वतः झोपवल्याचं ती विसरली होती, की विसरायला तिला भाग होतं, देव जाणे.

“येणार नाही,” तो म्हणाला. “पण फोन लाव. बोलेन.”

दुपारी टेबलावरच्या फोनवरून तिने घरी लावला. बोनारियाची मुलगी रिमेदिया आजीजवळ होती. तिने रिसीव्हर आजीच्या कानाला धरला. आईला ऐकू कमी येई, त्यामुळे ती ओरडून बोले आणि तिचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर सांडत होता. बोनारियाला सगळं ऐकू येत होतं.

“एफिझिओ? जेवलास का रे?”

“जेवलो, आई.”

“आवाज बसलाय तुझा.”

“धुळीने.”

“नखांतला कोळसा जात नाही म्हणायचास. राखेने घासतोस ना?”

“घासतो.”

आई हसली. ते हसू बोनारियाने स्वतःच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं. अन्तिओकोही हसला, डोळे मिटून, आणि क्षणभर तो खरोखरच कुणीतरी लहान, लाडाचं पोर असल्यासारखा दिसला. मग आईने आवाज उतरवला. म्हणजे तिला तसं वाटलं असेल, ऐकू तितकंच आलं.

“तो नाही ना तुझ्याबरोबर?”

“कोण?”

“तो दुसरा. त्याला आणू नकोस हां घरी. त्याला बघितलं की मला तुझं मढं दिसतं, आणि तू तर इथे बोलतोयस. कशाला उगाच?”

बोनारियाने फोन काढून घ्यायला हात पुढे केला. त्याने तो हलकेच बाजूला सारला.

“नाही आणत, आई.”

“शहाणा माझा. ये लवकर.”

“येतो.”

त्याने रिसीव्हर खाली ठेवला, टेबलावरची बोटांची ओल पुसली आणि म्हणाला, “खूश झाली बिचारी.” त्यानंतर एक खलाशी किल्ली मागायला आला, त्याला त्याने किल्ली दिली, आणि वर कसलीशी थट्टाही केली.

दुसऱ्या दिवशी रिमेदियाचा फोन आला. आजीने कालपासून ठेवणीतला काळा झगा घातलाय, म्हणाली. दारात खुर्ची टाकून बसलीय. पलंगावर येत नाही, सूप तोंडाला लावू देत नाही. एफिझिओ येतो म्हणालाय, आल्यावर त्याच्याबरोबर खाईन म्हणते. काय करू, आई?

बोनारिया धावत त्याच्या खोलीत गेली. आता तुला यावंच लागेल, म्हणाली. तू शब्द दिलास.

“एफिझिओने दिला.”

“ती उपाशी बसलीय.”

“आणि मी दारात उभा राहिलो, आणि तिने ओळखलं तर? डोळे गेले असतील, कान बघेल. हाताने चाचपून बघेल.” त्याने कानाला हात लावला. “आणि नाही ओळखलं, तर जे काल बोलली तेच रोज माझा हात धरून बोलेल. मला दोन्ही जमणार नाही, बोनारिया.”

तिने विनवलं, रडली, त्याच्या दंडाला धरून ओढलं. तो हलला नाही. संतापाने तिचं भान गेलं, आणि जे आयुष्यात कधी म्हणायचं नव्हतं ते तोंडातून निसटलं.

“तेव्हा ताप होता. आता काय झालंय?”

बोलली आणि तिथेच जीभ चावली. पण शब्द गेला होता. अन्तिओकोचा चेहरा एखाद्या दुकानाची फळी ओढून घ्यावी तसा बंद झाला. तो उठला, बाहेर टेबलामागे जाऊन बसला आणि तिचं ओळखपत्र तिच्यापुढे सरकवलं.

“खोली आजच सोडताय ना, बाई?”

ती त्याच्याशी बेटाच्या भाषेत बोलत राहिली. माफी मागितली, लहानपणच्या नावाने हाक मारली. तो चष्म्यातून विनयाने बघत होता, गिऱ्हाइकाकडे बघावं तसा. इयोलांदाबाई आतून आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि बोनारियाची बॅग स्वतः उचलून तीन मजले खाली आणून दिली. दारात म्हणाली, “जा तुम्ही. मी बघते त्याला. राग शांत झाला की समजूत घालीन.”

बोनारिया घरी पोचली तेव्हा आई खुर्चीतच होती. सूप घोटाघोटाने, एफिझिओने पाठवलंय असं सांगितलं की पोटात जाई, नाहीतर नाही. आठवडा उलटला. आईला पुन्हा त्याचा आवाज हवा होता. बोनारियाने हॉटेलला फोन लावला. तो निदान फोनवर तरी बोलेल, रागावलेला असला तरी बोलेल, अशी तिची आशा होती.

फोन इयोलांदाबाईने घेतला. तुल्लिओ गेला, म्हणाली. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. सगळ्या खोल्यांच्या चादरी धुऊन, घड्या करून ठेवल्या, किल्ल्या खिळ्यांवर लावल्या आणि गेला. संतिणीचं चित्रसुद्धा नेलं नाही. बंदरावर विचारलं, स्टेशनवर विचारलं, इस्पितळात बघून आले.

“तुम्ही बहीण ना त्याची?” ती म्हणाली. “मग कुठे जाईल ते तुम्हालाच ठाऊक असणार.”

बोनारियाला ठाऊक नव्हतं. तिने आभार मानून फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“कुणाचा होता?” दारातून आईने विचारलं.

“एफिझिओचा.”

“काय म्हणाला?”

“बोट चुकली म्हणाला.”

आईने मान डोलावली. झग्याच्या चुण्या गुडघ्यांवर सारख्या केल्या आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, “मग उद्याची धरेल.”